रांगेतला पुढचा जॉब

रांग का वाढते असं विचारलं, तर शंभरातले नव्याण्णव लोक काम करणाऱ्याकडे बोट दाखवतात. हात हळू चालतो, लक्ष नाही, चहाला गेला की तिकडचाच होतो, वगैरे. मीही एके काळी तसंच समजत होते. पुढे कारखान्यात कामांचं नियोजन बघायला लागले, लोकांनी टाकून दिलेली गणिताची पुस्तकं घरी आणून वाचली, कळली नाहीत, पुन्हा वाचली, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की रांगेचा दोष कुणाच्या हातात नसतो, तो येण्याजाण्याच्या लहरीपणात असतो. कामं शहाण्या मुलांसारखी ठरावीक अंतर ठेवून येत नाहीत. ती पाहुण्यांसारखी येतात. चार दिवस दारात चिटपाखरू नाही आणि पाचव्या दिवशी बसायला जागा पुरत नाही. त्यात एक काम चुटकीसरशी उरकतं, दुसरं अख्खी दुपार खातं. हे दोन लहरीपणा एकमेकांवर आदळले की मध्ये रांग उभी राहते, आणि यंत्राला क्षणभरही उसंत द्यायची नाही असा हट्ट कुणी धरला, तर त्या रांगेला शेवटच उरत नाही. मोकळं यंत्र दिसलं की मालकलोकांच्या पोटात दुखतं. पण मोकळं राहणं हाही यंत्राच्या कामाचाच भाग असतो, माणसाच्या असतो तसा, हे मी भल्याभल्यांना तोंडावर सांगितलं आहे आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली आहेत.

आमच्या कारखान्यात पंपांचे शाफ्ट बनतात. लेथवर कातून झाले, भट्टीत तापवून कडक झाले, की ते घासून नेमक्या मापाला आणायला ग्राइंडिंगला येतात आणि तिथेच अडतात. सगळ्या कारखान्याचा गळा म्हणजे ग्राइंडिंग. तिथे दोन यंत्रं आणि त्यांच्यावर दोन माणसं होती, दोघेही माझे सख्खे भाऊ. मी सगळ्यांत मोठी, माझ्या पाठचा थोरला, त्याच्या पाठचा धाकटा. थोरल्यानं लग्न केलं नाही, धाकट्याच्याच घरात राहिला. दोघे एकत्र यायचे, एकत्र जायचे, आणि दिवसभर एकमेकांकडे पाठ करून आपापल्या यंत्राशी उभे राहायचे.

पूर्वी प्रत्येकाचं रॅक वेगळं होतं. थोरला चोखंदळ, एकेक शाफ्ट तीनतीनदा मापायचा, त्याच्या रॅकवर ढीग. आणि धाकट्याचं रॅक रिकामं होऊन तो शीळ घालत उभा. थोरला मान न वळवता मला विचारायचा, याला शीळ घालायला वेगळा ठेवलाय का? मी दोन्ही रॅकं काढून टाकली आणि एकच ठेवलं. नियम केला की जो मोकळा होईल त्यानं रांगेतला पुढचा जॉब, म्हणजे पुढचा शाफ्ट, उचलायचा, निवडानिवड करायची नाही. दोघांनी महिनाभर तोंडं फुगवली. रांग निम्म्याहून कमी झाली तेव्हा फुगवटा आपोआप ओसरला.

त्या पुस्तकांतल्या गणितावरून मी संगणकावर रांगेचं एक मॉडेल बसवलं होतं, ते म्हणजे काही जादू नव्हे. जॉब साधारण किती वेळानं येतात, एकेकाला साधारण किती वेळ लागतो, आणि काम करणारे किती, एवढं त्याला सांगायचं. मग ते सांगतं की दुपारी रॅकवर किती जॉब असण्याची शक्यता जास्त, त्याच्या दुप्पट असण्याची शक्यता किती, आणि अगदी रिकामं असण्याची किती. खात्री ते कधीच देत नाही, फक्त शक्यता सांगतं. मालक त्याला अक्कांचं हवामान खातं म्हणायचे, पण रोज सकाळी पहिली चौकशी त्याचीच करायचे.

गेल्या हिवाळ्यात थोरला गेला. सकाळी बूट घालायला खुर्चीत बसला तो बसलाच. धाकट्यानंच त्याला उचलून गाडीत घातलं, पण डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. त्यांनी आठवड्याभरात धाकट्याचीही तपासणी केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की या भावाचंही हृदय त्याच वळणाचं आहे, त्याला उभं राहायचं काम सोडायला लावा. धाकट्यानं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. थोरल्याचं यंत्र बंद करून त्यावर ताडपत्री घातली होती. मालक म्हणाले, दुसरा माणूस बघतो. पण चांगला ग्राइंडर काही रस्त्यात पडलेला नसतो, आणि रॅक काही तुंबत नव्हतं, त्यामुळे कुणी घाई केली नाही. चाललंय ना, असं सगळेच म्हणत होते. त्या शब्दांसारखे घातक शब्द मी दुसरे ऐकलेले नाहीत.

मीही त्या दिवसांत माझ्यात नव्हते. कामावर येत होते, पडद्यासमोर बसत होते, सकाळचा अंदाज काढून देत होते आणि तो बरोबर येत होता. आमच्याकडे एक तरुण इंजिनीअर मुलगी आहे, हुशार आणि मितभाषी. आम्हा दोघींचं चांगलं जमतं, कारण ती मला म्हातारी समजत नाही आणि मी तिला पोर समजत नाही. ती एकदा माझ्या खुर्चीमागे उभी राहून पडद्याकडे बघत होती. बराच वेळ बघितल्यावर हळूच म्हणाली, "अक्का, ग्राइंडिंगला तुम्ही अजून दोन धरलेत."

मी पाहिलं. खरंच दोन होते. थोरला गेल्यावर तो आकडा बदलायचा राहून गेला होता. माणूस गेल्यावर त्याचे कपडे आवरायचे राहतात, तसंच. तिच्यासमोर डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी घाईनं दोनचा एक केला, आणि पडद्यावर उत्तरच आलं नाही. येणार कुठून? एकट्या माणसाला झेपेल त्याहून जास्त जॉब रोज येत होते. अशा वेळी मॉडेल रांगेची लांबी सांगत नाही, कारण लांबी ठरतच नाही. रांग रोज वाढत जाते, रॅक भरतं, मग जमीन भरते, मग दाराबाहेर जाते. आम्ही दोघी उठून ग्राइंडिंगकडे गेलो. रॅकवर मोजके शाफ्ट पडले होते, नेहमीसारखेच. धाकटा यंत्राशी वाकून उभा होता. शेजारी ताडपत्री होती.

मग आम्ही जे सुचेल ते तपासलं. धाकटा जास्त वेळ थांबतो का? नाही, भोंगा झाला की फाटकाबाहेर. त्याचा हात वेगानं चालायला लागला का? मी लांबून घड्याळ लावून पाहिलं. एका जॉबला पूर्वी लागायचा तेवढाच वेळ, उलट थोडा जास्तच. जॉब कमी येतायत? तेवढेच. कुणी परस्पर बाहेर पाठवतंय? नाही. मुलीनं सगळं तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडून पाहिलं. प्रत्येक वेळी रांग दोघांच्या हाताची निघाली, एकाच्या नाही. शेवटी तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली की जे बसतं ते बसतं, अक्का. त्यानंतर तिनं तो विषय स्वतःहून काढला नाही, पण रोज सकाळी अंदाज बघायला येताना ती आधी माझ्या चेहऱ्याकडे बघायची.

ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मी नव्हे. डोळ्यांनी बघायचं ठरवलं. एके दिवशी स्टूल घेतलं आणि सकाळीच रॅकसमोर जाऊन बसले. धाकट्यानं नुसतं हसून विचारलं, पहारा का? मी म्हटलं, हो, चोर पकडायचाय. तो कामाला लागला. एक जॉब, दुसरा, तिसरा. चाक फिरतंय, पाणी पडतंय, तो मापतोय, ठेवतोय. आणि माझ्या डोळ्यांदेखत रॅक भरायला लागलं. एकाच माणसाचं रॅक भरेल तसं, अगदी मॉडेल सांगेल तसं. दुपारपर्यंत शाफ्ट खाली जमिनीवर आले, ट्रॉलीला वाट उरली नाही. धाकट्याचा सदरा पाठीला चिकटला, ओठ पांढरे पडले. मला त्याची दया येत होती आणि स्वतःचा राग येत होता, तरी मी उठले नाही. हट्ट हा आमच्या घराण्यातला दुसरा आजार आहे.

तेवढ्यात तो जॉब घ्यायला रॅकशी आला. त्याचा हात रांगेतल्या पहिल्या शाफ्टवरून पुढे गेला आणि त्यानं दुसरा उचलला. नियम मोडणारा माणूस नव्हे तो. मी विचारलं, पुढचा का नाही उचललास?

"तो घेतलेला आहे," तो म्हणाला, आणि आपल्या यंत्राकडे वळला.

आवाजात काही नव्हतं. हॉटेलात कुणी, ती खुर्ची रिकामी नाही बाई, असं सांगावं, तेवढंच. मी त्या पहिल्या शाफ्टवर नजर खिळवून बसले. तो होता तिथेच राहिला. डोळे चुरचुरायला लागले, पाणी आलं, तरी मी पापणी मिटू दिली नाही म्हटलं तरी चालेल. शेवटी धाकटाच माझ्याजवळ आला. त्याला धाप लागली होती. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, की जाऊन जरा चहा घे, तू इथे बसलीस की काम होत नाही.

मी गेले. कपभर चहाला लागतो तेवढाच वेळ गेला. परतले तेव्हा ट्रॉलीची वाट मोकळी झाली होती, जमिनीवर एकही शाफ्ट नव्हता, रॅकवर मोजके जॉब होते, आणि धाकटा शीळ घालत होता.

त्या रात्री मी काय विचार केला ते सांगत बसत नाही. एकच गोष्ट मला स्पष्ट दिसत होती. थोरला गेल्याचं मला दुःख होतं, पण ते झालेलं होतं. धाकटा मात्र अजून माझ्या हातात होता. त्याची बायको मला सांगून थकली होती. घरी जेवत नाहीत, बोलत नाहीत, सुट्टीच्या दिवशीही सकाळी डबा मागतात, दोन डबे, आणि बंद फाटकापर्यंत जाऊन येतात. वन्सं, तुमचंच ऐकतील, तुम्हीच काय ते करा, असं ती म्हणायची. ती तशी घट्ट मनाची बाई. तिच्या तोंडून असं ऐकणं मला सोसवत नव्हतं.

मी मालकांकडे गेले. माणूस वाईट नाही, फक्त मालक आहे. ते म्हणाले की अक्का, भावाचं दुःख कामात बुडवतोय तो, बुडवू द्या. आणि खरं सांगायचं तर इतकं सुरळीत ग्राइंडिंग मी कधी बघितलं नाही, बिघडवायचं कशाला? मी त्यांना रांगेचं गणित सांगितलं, उसंतीचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग मात्र मी खुर्चीवरून उठले.

"तिथे दोघांचं काम चाललंय," मी म्हटलं, "आणि हृदय एकाचंच आहे. त्याला काढा, नाहीतर उद्यापासून तुमची रांग तुम्ही बघा."

ते म्हणाले, बरं, नवा माणूस शोधा. मी शोधला. तोवर इंजिनीअर मुलीनं बरेच जॉब बाहेरच्या एका वर्कशॉपकडे वळवले, म्हणजे एका माणसाला सुखानं पुरतील इतकेच आमच्याकडे राहतील. सगळं नीट मांडून झाल्यावर मी सुट्टीच्या दुपारी भावाच्या घरी गेले.

तो खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, हात मांडीवर उताणे. मी त्याला सरळ सांगितलं की उद्यापासून तुझ्या जागी दुसरा येतोय. वाटलं होतं चिडेल, भांडेल. त्यानं भांडायला हवं होतं. तो नुसता म्हणाला, "मी गेलो तर तो एकटा पडेल, अक्का."

मी म्हटलं, अरे, तो नाहीये आता.

त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हाताऱ्या माणसाला एखादी गोष्ट तिसऱ्यांदा समजावून सांगावी लागते तेव्हा आपण बघतो ना, मायेनं, तसं. "मला माहीत आहे की. मीच उचलला ना त्याला." मग म्हणाला, "पण माणूस गेला म्हणून रांग थोडीच थांबते?"

मी त्याचे हात हातात घेतले, लहानपणी शाळेत नेताना घ्यायची तसे, आणि सांगितलं की माझ्यासाठी घरी बस. तुला मी शपथ वगैरे घालणार नाही, पण मला आता एकच भाऊ आहे. तो माझ्या बोटांकडे बघत म्हणाला, तू म्हणतेस तर बसतो.

आणि बसला. शब्दाचा पक्का. पहिल्या काही दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर रंग आला, जेवायला लागला, बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागला, तेव्हा ती मला फोन करून हसली आणि हसता हसता रडली. मी छाती पुढे काढून कारखान्यात फिरले. जिंकले होते ना.

नवा माणूस कसबी होता आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून लेथवरची माणसं त्याला रेडिओ म्हणायची. धाकट्याच्या यंत्रावर त्यानं जम बसवला. थोरल्याचं यंत्र ताडपत्रीखालीच होतं. मी मॉडेलमध्ये एक आकडा भरला, खरा एक, आणि काढलेला अंदाज भिंतीवर लावला. रांग अंदाजापेक्षा लहान निघाली. म्हटलं, शक्यताच ती, एखादा दिवस असतो असा. दुसऱ्या दिवशीही लहान. आठवडा गेला. रेडिओ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला की अक्का, मला ठेवलंय कशाला, शोभेला? एक जॉब संपवून वळावं तर रॅक रिकामं. लोक काम जास्त म्हणून रडतात, मला चक्क लाज वाटते. तो विनोद करत होता, पण डोळे विनोद करत नव्हते. जाता जाता म्हणाला, ते ताडपत्रीवालं यंत्र कधी कधी कोमट लागतं, वायरिंग बघून घ्या.

इंजिनीअर मुलगी तेव्हा तिथेच होती. तिनं खुर्ची ओढली आणि एकाचे दोन केले. अंदाज रॅकच्या जवळ आला, पण बसला नाही. मी तिला थांब म्हणणार होते. तिनं आकडा पुन्हा बदलला आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत राहिलो. आठवडाभराची प्रत्येक दुपार, प्रत्येक सकाळ त्याच्यावर येऊन बसली, मापून केल्यासारखी.

"तीन," ती म्हणाली.

मी पर्स उचलली आणि कुणालाही न सांगता निघाले. दिवस डोक्यावर आला होता, रस्त्यात ऊन होतं, मुलं शाळेतून घरी चालली होती, सगळं जागच्या जागी होतं. भावजयीनं दार उघडलं. मला अवेळी आलेली बघून तिला आश्चर्य वाटलं नाही, उलट बरं झालं आलात म्हणाली आणि मला स्वयंपाकघरात नेऊन हलक्या आवाजात बोलायला लागली. काल डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर तिच्यावरच चिडले. म्हणाले, आराम सांगितला होता, हे एवढं कष्टाचं काम कसलं करतायत? मी काय सांगणार, वन्सं? सकाळी न्याहारी झाली की त्या खुर्चीत बसतात ते जेवायला हाक मारेपर्यंत. पाणीसुद्धा मी हातात नेऊन देते. कुठे जात नाहीत, काही करत नाहीत.

हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, ताटं मांडत होती. मग तिनं हाक मारली.

धाकटा आला. मला बघून त्याचा चेहरा उजळला. कितीतरी वर्षांत मी त्याला इतकं समाधानी पाहिलं नव्हतं. गालांवरचं मांस मात्र पुन्हा उतरलं होतं आणि श्वास छातीच्या वरच्या वर चालला होता. "अक्का, बरी वेळेवर आलीस," तो म्हणाला, "आत्ताच हात मोकळा झाला." आणि हात धुवायला बेसिनशी गेला.

मी त्याच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यानं नळ सोडला, बाह्या वर केल्या आणि कामगार धुतात तसे, कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्या चोळून चोळून हात धुवायला लागला. पांढऱ्या बेसिनमध्ये पाणी करडं झालं. पोलादाची भुकटी पाण्यात उतरली की येतो तो करडा रंग, बारीक चमक असलेला. तो मी आयुष्यभर बघितला आहे, त्यात माझी चूक होणार नाही. तो चोळत होता आणि पाणी करडंच येत होतं. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं, तो मला विचारत होता की जेवूनच जाशील ना. भावजय शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पाण्याकडे पाहिलं नाही. तिनं त्याच्यापुढे टॉवेल धरला. नवाकोरा, गडद काळा.